त्रास नसलेल्या पेशंटशी कुणी बोलायचं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आयुष्यात एकदा तरी तपासणी करून घेतलेल्या, ३० ते ४९ वयाच्या बायका देशात किती निघाल्या? १.९ टक्के. स्तनांची तपासणी झालेल्या ०.९ टक्के. तोंडाची तपासणी झालेल्याही ०.९ टक्के, आणि पुरुषांत १.२ टक्के. ३० ते ६५ वयाच्या प्रत्येकाची या तीन कॅन्सरसाठी पाच वर्षांतून एकदा तपासणी व्हावी, हे केंद्र सरकारने २०१६ मध्येच ठरवलं होतं. आशाताईंनी काय विचारायचं, नर्सने काय बघायचं, पुढे कुठे पाठवायचं, सगळं कागदावर आहे.

मग अडलंय कुठे? 'लोकांमध्ये जागृती नाही' असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, कॅन्सर हा शब्द माहीत नसलेलं घर सापडणार नाही. बहुतेक घरांत एखादी मावशी, एखादा काका त्यात गेलेला असतो. माझ्या मते अडतंय ते एका साध्या जागी. तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाशी हा विषय काढणारं त्याच्या विश्वासातलं कुणी नाही. हे काम फॅमिली डॉक्टरच करू शकतो. तो ते करत नाही, आणि ते त्याने करावं म्हणून महापालिकांनी काही हालचालही केलेली नाही.

खरं तर या तपासण्यांचं ज्ञान आपल्याच अंगणात तयार झालंय. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. जेमतेम दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते पाहायचं आणि हाताने स्तन तपासायचे, दर दोन वर्षांनी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. स्तनांच्या तपासणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी, त्याखालच्या वयात मात्र ठोस फरक नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजार बायकांच्या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली, तरी पुढच्या आठ वर्षांत बळावलेले कॅन्सर आणि मृत्यू साधारण निम्म्यावर आले. व्हिनेगरची तपासणी तिथे एकाच फेरीत तेवढी उपयोगी ठरली नाही. म्हणजे ती करायची तर पुन्हापुन्हा करावी लागते, हेही आपल्याच लोकांनी शोधून काढलं. तोंडाच्या कॅन्सरचा अभ्यास केरळात तिरुवनंतपुरमला झाला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांचं तोंड नियमित पाहिलं तर त्यांच्यातले मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होतात.

मुंबई आणि उस्मानाबादच्या अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांची तपासणी केली गेली नव्हती. त्यावरून पुढे मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या गटातल्या कितीतरी बायका या कॅन्सरने गेल्या. त्यांच्यामुळे जे कळलं, ते जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत पोहोचलं. मुंबईला लागूनच असलेल्या ठाण्याच्या किसननगरात, नवी मुंबईच्या दिघ्यात, तुर्भे स्टोअरमध्ये ते पोहोचू नये, याला मी अन्याय म्हणते.

आता डॉक्टरांकडे येऊ. किसननगरच्या एखाद्या दवाखान्यात संध्याकाळी आठला जाऊन बसा. बाहेर बाकावर पंधरा माणसं, आत ताप, खोकला, सलाईन, शाळेचं सर्टिफिकेट. डॉक्टर बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस, सकाळी नऊपासून उभे. फी दीडशे-दोनशे, तीही कुणी पुढच्या वेळी देतो म्हणतं. या माणसाला आख्खी वस्ती ओळखते. कुणाच्या नवऱ्याचं काम सुटलंय, कुणाची मुलगी दहावीला आहे, कुणाच्या सासूला साखर आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. डोकं दुखतंय म्हणून आलेली चाळिशीची बाई गेली वीस वर्षं मशेरी लावते हेही त्याला ठाऊक असतं. पण तो तिला 'आ कर' म्हणत नाही.

का म्हणत नाही? आळस म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. अशा डॉक्टरांशी बोलताना मला जी कारणं ऐकायला मिळाली, त्यातलं एकही खोटं वाटलं नाही. पहिलं कारण शिक्षणाचं. वैद्यकीय शिक्षण तक्रारीपासून सुरू होतं: पेशंट काय सांगतो, किती दिवसांपासून, कशाने वाढतं. ज्याची तक्रारच नाही त्याच्याशी काय बोलायचं, हा भाग शिकताना कधी हाताला लागत नाही. मग 'त्रास काही नाही ना? मग कशाला उगाच' हे वाक्य पेशंटच्याही आधी डॉक्टरच्याच तोंडून येतं. दुसरं कारण संकोचाचं. दवाखाना दहा बाय बारा, मध्ये एक पडदा, डॉक्टर पुरुष, मदतीला एक कंपाउंडर, तोही पुरुष. तिथे बाईच्या स्तनांची तपासणी कशी करायची? केली आणि बाहेर भलतंच काही बोललं गेलं, तर वीस वर्षांची पुण्याई एका दिवसात जाते. ही भीती अनाठायी नाही.

तिसरं कारण सगळ्यांत कठीण. डॉक्टरने तपासणीला पाठवलं की पेशंटच्या मनात पहिला प्रश्न येतो: यांना तिकडून किती मिळतात? पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेण्याच्या या कट प्रॅक्टिसने आपल्याकडच्या प्रामाणिक डॉक्टरचं फार नुकसान केलंय. दुखण्यावर लिहून दिलेली सोनोग्राफी लोक निमूट करतात, कारण दुखतंय. काहीच दुखत नसताना लिहून दिलेली चाचणी मात्र धंदा वाटते. म्हणून डॉक्टर गप्प बसतो. आणि चौथं, कुणी फारसं बोलत नाही ते: समजा तोंडात पांढरा चट्टा दिसला, मग पाठवायचं कुठे? सिव्हिलला? कळव्याच्या महापालिका रुग्णालयात? खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात, की थेट परळला टाटा मेमोरियलमध्ये? कुठल्या वारी, कुठल्या खिडकीवर, कुणाचं नाव सांगायचं? त्याच्याकडे उत्तर नसतं. उत्तर नसताना संशय जागा करायचा म्हणजे एका कुटुंबाची झोप घालवायची. तसं करायला कोणाही भल्या माणसाचा हात धजावत नाही.

तरीही मी डॉक्टरांना पूर्ण माफ करायला तयार नाही. तोंड तपासायला पडदा लागत नाही, बाई डॉक्टर लागत नाही, मशीन लागत नाही. टॉर्च आणि दोन मिनिटं लागतात. गालाच्या आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग, हिरड्यांजवळची खाच. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का, एवढं विचारलं तरी गुटख्याने आखडत चाललेलं तोंड कळतं. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ मध्ये आली. तरी वागळे इस्टेटमध्ये कुठल्याही कंपनीच्या गेटबाहेर, वाशीच्या बाजार समितीत माल उतरतो तिथे, रिक्षा स्टँडवर, जमिनीवर लाल शिंतोडे काय सांगतात? हे सगळे पुरुष सर्दी-तापाला याच डॉक्टरकडे येतात. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे ते जाणार नाहीत. त्यांचं तोंड बघायची संधी एकट्या याच माणसाला मिळते.

लोकांच्या मनात काय असतं? 'खाजवून खरूज कशाला काढायची' हे मी बायकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तो अज्ञानाचा पुरावा आहे असं मला वाटेनासं झालंय. त्यामागे हिशेब आहे. घरकाम करणारी बाई सकाळी सहाला घर सोडते, चार घरची कामं करून तीनला परतते. तपासणी म्हणजे एक खाडा. काही निघालं तर पुढचे कित्येक खाडे, आणि त्यानंतर नवऱ्याचा, सासरचा चेहरा. महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे उपचार होतात हे तिने ऐकलेलं असतं. पण कागद कोण गोळा करणार, मुलांना कोण बघणार? न कळलेला आजार निदान आजच्या दिवसाची मजुरी तरी बुडवत नाही.

याच्याही खाली आणखी एक गोष्ट आहे. 'कॅन्सर होईल' हे वाक्य महाराष्ट्रातल्या बायकांनी आधी ऐकलंय, आणि वाईट कारणासाठी ऐकलंय. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. ८२ हजार बायकांच्या सरकारी पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, एवढ्यावर 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल' असं त्यांतल्या अनेकींना सांगितलं गेलं होतं. ही गोष्ट बीडपुरती राहत नाही. मराठवाड्यातून, साताऱ्या-सांगलीकडून आलेली कुटुंबं ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या वस्त्यांत राहतात. प्रत्येकीच्या ओळखीत अशी एक वहिनी असते, जिची पिशवी पस्तिशीत काढली आणि पुढे तिची कंबर कधीच सरळ झाली नाही. त्या बाईला कुणी अनोळखी माणूस येऊन 'कॅन्सरची तपासणी करा' म्हणाला तर ती मागे सरकणारच. तिचा संशय अनुभवातून आलेला आहे. तो दूर व्हायचा तर तपासणीचं बोलणं अशा माणसाकडून यायला हवं, ज्याला निकाल काय लागतो यातून एक रुपयाही मिळणार नाही, आणि हे बाईलाही माहीत असेल.

दुसरीकडे याच शहरांत उलटं टोकही आहे. घोडबंदर रोडच्या आणि पाम बीचच्या टॉवरमध्ये 'फुल बॉडी चेकअप'ची पत्रकं येतात. रक्ताच्या एका नमुन्यात पन्नास-साठ चाचण्या, सोबत कॅन्सर मार्कर, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे घटक: सीए-१२५, सीईए आणि असंच काही. सुशिक्षित, सावध माणसं सवलत बघून ती करून घेतात. पण लक्षणं नसलेल्या माणसात हे मार्कर कॅन्सर शोधायला उपयोगाचे नाहीत. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर सीए-१२५ आणि सोनोग्राफी वापरून बीजांडाच्या कॅन्सरची तपासणी अनेक वर्षं केली. २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आले, तेव्हा त्याने मृत्यू कमी झाले नसल्याचं दिसलं. दक्षिण कोरियात तपासणीला गेलेल्यांच्या गळ्याची सोनोग्राफीही होऊ लागली आणि १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरची नोंद पंधरा पट झाली. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, ज्यांना त्या कॅन्सरने कधीच काही केलं नसतं. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीर विरोध केला, तेव्हा शस्त्रक्रिया कमी झाल्या.

म्हणजे फॅमिली डॉक्टरची गरज टॉवरलाही तेवढीच आहे, फक्त तिथे त्याने 'नको' म्हणायचं आहे. 'हे पॅकेज करू नका. त्याऐवजी तुमची एचपीव्हीची चाचणी झालीय का ते सांगा, आणि पन्नाशी उलटलीय तर स्तनांच्या तपासणीचं बोलू.' हे म्हणायला धैर्य लागतं, कारण शेजारची लॅब दर महिन्याला भेटायला येते. शिवाय तपासणी म्हटली की तिचे तोटेही सांगितलेच पाहिजेत: काही जणींना नसलेल्या आजाराचा संशय येईल, सुई टोचून तुकडा काढावा लागेल, आठवडाभर जीव टांगणीला लागेल. हे आधी सांगणारा डॉक्टर पेशंट गमावत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

आपल्याकडे या सगळ्याला उत्तर म्हणून शिबिरं होतात. महिला दिनाला, स्तनांच्या कॅन्सरच्या जागृतीसाठी ऑक्टोबरमध्ये, कुणाच्या वाढदिवसाला. मंडप, बॅनर, रांग, फोटो. आमच्या भागात झालेल्या अशाच एका शिबिरात साठ-सत्तर बायकांचे पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींचे नमुने, घेतले. त्यांतल्या काहींना रिपोर्ट मिळालेच नाहीत. ज्यांना मिळाले त्यांना वाचून दाखवायला कुणी नव्हतं. आयोजकांचा हेतू चांगला होता, यावर माझा विश्वास आहे. पण मंडप दुसऱ्या दिवशी उतरतो आणि एचपीव्हीचा संसर्ग कॅन्सरपर्यंत जायला साधारण पंधरा-वीस वर्षं घेतो. एवढा काळ त्याच गल्लीत टिकून राहणारा माणूस म्हणजे दवाखान्यातला डॉक्टर.

त्याला या कामात आणायचं कसं, याचं उदाहरण आपल्यासमोर आहे. क्षयरोगाच्या बाबतीत हेच सगळे अडथळे होते. खासगी डॉक्टर पेशंटची नोंद करत नसत, उपचार अर्धवट राहत. २०१२ मध्ये नोंद बंधनकारक झाली. २०१४ च्या सुमारास मुंबईत खासगी डॉक्टरांना सरकारी कार्यक्रमाशी जोडण्याचा प्रयोग झाला, मोफत चाचण्यांची व्हाउचर त्यांच्या हाती दिली गेली. आता रुग्ण कळवला की डॉक्टरला ५०० रुपये आणि उपचार पूर्ण झाले की आणखी ५०० रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही. पण ती उघड आहे, सरकारी आहे, आणि कुठल्याही लॅबकडून आलेली नाही. त्यामुळे कट प्रॅक्टिसचा संशयच उरत नाही.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी कॅन्सरसाठी असंच करावं. प्रत्येक प्रभागातल्या जनरल प्रॅक्टिशनरांची यादी करावी, यात बीएएमएस-बीएचएमएस डॉक्टर आलेच पाहिजेत, कारण वस्त्यांत तेच आहेत. त्यांना तोंड तपासायचं प्रशिक्षण एका रविवारी देता येईल. बायकांची तपासणी त्यांनी करू नये. त्यांनी चिठ्ठी द्यावी. ती चिठ्ठी घेऊन बाई महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात जाईल, जिथे आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी किंवा रविवारी बाई डॉक्टर किंवा नर्स असेल. एचपीव्हीचा नमुना तर बाई पडद्यामागे स्वतःही घेऊ शकते. लाज आणि वेळ, दोन्ही अडचणी त्याने निम्म्या होतात. चिठ्ठीवर पुढचं ठिकाण, वार आणि खोली छापलेली असावी. आणि निकाल बाईबरोबरच तिच्या डॉक्टरलाही कळवला जावा, म्हणजे ती दोन महिन्यांनी खोकल्याला आली की तो विचारेल: जाऊन आलात का?

'आधी उपचारांची सोय करा, मग तपासणीचं बोला' हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. संशय काढायचा आणि पुढे हात वर करायचे, हे क्रौर्य आहे. पण गर्भाशयमुखाचा कॅन्सर होण्याआधीचा बदल सापडला तर तो भाग थंड उपकरणाने गोठवून किंवा गरम उपकरणाने जाळून टाकता येतो, काही मिनिटांत, बाईला ॲडमिट न करता. तोंडातला चट्टा लवकर कळला तर बऱ्याचदा तंबाखू सोडवणं आणि लक्ष ठेवणं एवढंच करावं लागतं. उशिरा आलेल्या पेशंटला रेडिएशन, केमो, जबड्याची शस्त्रक्रिया, परळच्या फुटपाथवर राहणारे नातेवाईक, हे सगळं लागतं, आणि त्याचा भार त्याच रुग्णालयांवर पडतो ज्यांची क्षमता कमी आहे म्हणून आपण तपासणी लांबवतो. म्हणून सगळ्या शहरात एकदम सुरू करू नये. ज्या प्रभागापासून पुढची वाट तयार आहे, तिथून सुरू करावं. कळव्याला महापालिकेचं स्वतःचं मोठं रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे, नवी मुंबईच्या हाताशी खारघरला ॲक्ट्रेक आहे. देशातल्या फार थोड्या शहरांना एवढं मिळालंय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेलं लक्ष्य असं आहे: ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत एचपीव्हीची लस, ७० टक्के बायकांची ३५ पर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत पुन्हा एकदा चांगल्या चाचणीने तपासणी, आणि दोष सापडलेल्या ९० टक्के बायकांवर उपचार. १.९ वरून ७० ही उडी पोस्टर लावून होणार नाही. महापालिकांनी दरवर्षी तीन आकडे प्रभागवार जाहीर करावेत: किती जणांची तपासणी झाली, त्यांतल्या किती जणांना पुढे पाठवलं, आणि पाठवलेल्यांपैकी किती जण तीस दिवसांत तिथे खरोखर पोहोचले. शिबिरातल्या रांगेचा आकडा पहिल्यात मोजला जातो. मला तिसरा हवा आहे, आणि तो वाढवायचं काम किसननगरच्या त्या दवाखान्यापासून सुरू व्हायला हवं.